बेटावरची संवत्सरी

समुद्र मला आवडला नाही, आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, तासन्‌तास बघत बसावंसं वाटतं. मला दहा मिनिटांत उठून जावंसं वाटलं. नारायणगावात सकाळी दुकानाची पायरी धुतली की दिवसभर माणसं बघायला मिळतात. इथं नुसतं पाणी. येतंय काय, जातंय काय, गिऱ्हाईक म्हणून काही उपयोग नाही.

"अगं, फुकेत म्हणतात याला. लोक हनिमूनला येतात इथं," आमचे हे म्हणाले. अंगात कंपनीनं दिलेला फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर गवताची टोपी. वय वर्षं सत्तावन्न.

"येऊ देत. संवत्सरीला कुणी येत नसेल," मी म्हटलं.

हे म्हणजे पुनमचंद शेठ. नारायणगावात बी-बियाणं, खतं आणि औषधांचं आमचं दुकान, सासऱ्यांपासूनचं. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एका कंपनीनं टोमॅटोचं नवं बियाणं आणलं आणि सोबत स्कीम आणली. जो दुकानदार दोन हजार पाकिटं विकेल, त्याला जोडीनं परदेशातल्या बेटावर पाच दिवस. राहणं, खाणं, विमान, सगळं कंपनीचं. आता जुन्नर-आंबेगावात टोमॅटोचं बियाणं विकायला काय लागतं? मार्च संपायच्या आत आमची दोन हजार झालीसुद्धा. तारखा कंपनीनं ठरवल्या सप्टेंबरच्या, पावसाळ्यात तिकडची हॉटेलं रिकामी असतात म्हणून. ह्यांनी फक्त दिवाळी त्यात येत नाही ना एवढंच बघितलं. पासपोर्ट हातात आल्यावर मी कॅलेंडर उलटलं, तर सहलीच्या बरोबर मधोमध संवत्सरी.

आमच्या जैनांचा हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. दिवसभर उपवास, सूर्य मावळला की प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुका आठवून म्हणायचा पाठ. आणि त्याच्या आधी, ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्यासमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायचं, क्षमा मागायची. त्या दिवशी मागितली नाही तर ते वैर जन्मोजन्मी चिकटतं, असं मी परकर नेसायचे तेव्हापासून महाराजसाहेबांच्या, म्हणजे आमच्या साधूंच्या, तोंडून ऐकत आलेय.

"मी नाही येत जा," मी म्हटलं होतं.

"जोडीचं तिकीट आहे. मी काय एकटा हनिमूनला जाऊ?"

"आणि गावाला काय सांगणार? संवत्सरीला शेठ-शेठाणी बेटावर गेले म्हणून?"

तोडही ह्यांनीच काढली. चातुर्मासात आमचे लोक महाराजसाहेबांच्या दर्शनाला लांब लांब जातातच. मग चेन्नईला दर्शनाला चाललोय असं सांगायचं. झालं. स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, आम्हाला उभं करून माळा घातल्या, संघाचे अध्यक्ष म्हणाले, पुण्यवान जोडपं. मी मान वर केली नाही. बायकांना वाटलं, काय हा विनय! दुकान आमच्या मुलावर, संयमवर टाकलं, त्यालाही हेच पढवलं, आणि आम्ही निघालो.

पण खोटं बोलल्याची टोचणी एक वेळ सहन झाली असती. समुद्रावर माझा पाय ठरत नव्हता त्याचं कारण आमच्या शेजारच्या वारूळवाडीला होतं. साळुबाई.

तीस वर्षांपूर्वी मी मारवाडातल्या सोजतहून लग्न होऊन आले, तेव्हा मला मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्याच वर्षी साळुबाई वारूळवाडीला नांदायला आलेली. तिची सासू दुकानात तासभर घासाघीस करायची, आणि आम्ही दोघी नव्या नवऱ्या पेंडीच्या पोत्यावर बसून खुसुखुसू हसायचो. मला मराठी तिनंच शिकवलं. म्हणून तर मी चिडले की माझ्या तोंडून अजून वारूळवाडीच निघते. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी उपवास सोडायला मी मुगाचं पाणी घेते, ते मूग दरवर्षी तिच्या वावरातले. सहा वर्षांपूर्वी तिचा मालक गेला. मुलगा गोरख चाकणला कंपनीत लागला, महिन्या-दोन महिन्यांनी येतो; सून इथंच घर सांभाळते. तेव्हापासून तीन एकर साळुबाई एकटी बघते, आणि बघते म्हणजे नुसती बघत नाही, पाण्याची मोटर चालू करण्यापासून तार-बांबू बांधण्यापर्यंत सगळं करते.

मार्चमध्ये ती दरवर्षीचंच बियाणं मागायला आली होती. मी काउंटरवर नवी पाकिटं मांडली. "हे न्या. माझ्या शब्दावर न्या."

"तुमी म्हनताय तर द्या," ती म्हणाली आणि बारा पाकिटं पिशवीत घातली. उलटून वाचलंसुद्धा नाही.

जुलैत फळ आलं आणि सगळ्या तालुक्याचं तोंड उतरलं. झाडं अशी की बघत राहावं, पण फळाला रंगच चढेना. अर्धं लाल, अर्धं हिरवं, वर पिवळे चट्टे, कापलं तर आत पांढरं लाकूड. बाजारात व्यापारी क्रेटचं वरचं फळ बघायचे आणि पुढं सरकायचे. पेठ गावाहून लोक आले, आळेफाट्याहून आले. ह्यांनी कंपनीच्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, यंदा ऊन जास्त झालं म्हणा, बियाण्याला दोष आहे असं चुकूनही तोंडातून काढू नका. आम्ही तेच म्हणत राहिलो. फोन चालू होता तेव्हा मी शेजारीच बसले होते. मला सगळं माहीत होतं.

अशात एका दुपारी साळुबाई आली. हे पुण्याला गेलेले. दुकानात पंधरा माणसं. तिनं डोक्यावरची पाटी काउंटरवर ठेवली, वरचं फडकं काढलं आणि म्हणाली, "मंगलाबाई, हे बगा." एवढंच. भांडली असती तर मी भांडले असते, दोघींचं मोकळं झालं असतं. पण तिनं आवाजही चढवला नाही. पंधरा माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला पळायला जागा नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बियाणं चोख आहे, साळुबाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "वावरात बाप्या माणूस नसला की पीक असंच यायचं."

साळुबाईनं फडकं नीट पसरलं, पाटी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून गेली. कोपऱ्यात कुशाबा म्हणून एक म्हातारे बसले होते, तेवढे म्हणाले, "शेठाणी, हे काय बरं न्हाई केलं तुमी." मी त्यांनाही फटकारलं, "तुम्हाला काय पाहिजे ते बोला."

त्यानंतर दोन महिने मी रोज ठरवायचे, उद्या वारूळवाडीला जाऊन येईन. अंतर किती, तर पायी वीस मिनिटं. पण रोज काहीतरी काम निघायचं. निघायचं कसलं, मीच काढायचे. मनाशी म्हटलं, संवत्सरीला जाऊ, त्या दिवशी माफी मागायला लाज वाटत नाही, सगळेच मागत असतात. आणि संवत्सरीला मी कुठं, तर फुकेतला. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मी मुगाची वाट बघत होते. यंदा मूग आले नाहीत.

तर तो दिवस उजाडला. ह्यांनी एकासणं केलं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं. आता हॉटेलच्या बुफेत एकदा बसल्यावर किती वेळानं उठायचं, हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही. मी नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. ते मिळवायलाही हॉटेलवाल्याला पंधरा मिनिटं हातवारे करून दाखवावे लागले. बाकीचे दुकानदार, सांगलीचे, नाशिकचे, कोलारचे, जोडीजोडीनं बोटीत बसून दुसऱ्या बेटावर गेले. मी लॉबीतल्या फोनपाशी.

कंपनीनं घरी बोलायला एक कार्ड दिलं होतं, त्यावर लांबलचक नंबर दाबायचा आणि मग आपला. साळुबाईचा नंबर मला पाठ. सकाळी लावला, नुसतीच घंटा. दुपारी लावला, एंगेज. परत लावला, परत एंगेज. मी खोलीत जायचे, पलंगावर टेकायचे, उठायचे, वाळूत जायचे, चपलेत वाळू शिरली की परत लॉबीत. तिथला पहारेकरी माझ्याकडं बघून हसायला लागला.

"कुठं पळतेयस सारखी? बस की जरा," हे म्हणाले.

"मला सांगा, सूर्य कुठला धरायचा? नारायणगावचा की इथला?"

"आपण जिथं असू तिथला."

"आणि पाप कुठलं धरायचं?"

त्यावर हे नारळपाणी बघायला गेले.

तिकडच्यापेक्षा इथलं घड्याळ दीड तास पुढं. इथल्या चार वाजता एकदाचा फोन लागला. गोरखच्या बायकोनं उचलला. "आत्याबाई वावरात गेल्यात. पाच वाजता येत्याल."

तिकडचे पाच म्हणजे इथले साडेसहा. इथं सव्वासहा वाजून गेले की सूर्य पाण्यात. माझा जीव टांगणीला लागला. "सूनबाई, बोलावून आणतेस का गं? आजच बोलायचंय."

"का वं? कुनाचं काय झालं का?"

"नाही गं बाई, सगळे बरे आहेत. माझंच काम आहे."

"मंग तासाभरानं करा. पलीकडच्या तुकड्यात हायेत त्या."

तो एक तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. संध्याकाळी बागेत जेवणावळ होती, 'बेस्ट कपल'ची स्पर्धा आणि नाच. माणसं दिवे लटकवत होती. दोन झाडांच्या मधे भलामोठा बॅनर बांधलेला, त्यावर ते पाकीट आणि लालबुंद, चकचकीत टोमॅटो. असा टोमॅटो त्या बियाण्याला आमच्याकडं एका झाडालाही लागला नव्हता. कंपनीचा साहेब फुलांचा हार घेऊन माझ्यामागं लागला. "भाभीजी, एक फोटो! आप दोनो तो टॉप डीलर हो."

"साहेब," मी म्हटलं, "ह्या बियाण्याची फळं तुम्ही बघितलीत का हो? एकदा तरी शेतात जाऊन?"

तो हसला. "भाभीजी, छुट्टी में काम की बात नहीं."

त्याच्या हातातला हार हिसकून त्याच्याच गळ्यात घालावासा वाटला. पण इथले पाच वाजले होते. मी फोनकडं पळाले.

"हॅलो, कोन?" साळुबाई. धाप लागलेली. पळत आली असणार.

"मी मंगला."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "बोला."

"आज आमची संवत्सरी आहे, साळुबाई."

"ठावं हाये. तुमचं कार्ड आलं. सुनंनं वाचून दाखवलं. शेजारच्या हौशीरामभाऊलाबी तसलंच आलंय. शबूद न शबूद त्योच."

दरवर्षी आम्ही क्षमेची कार्डं छापून सगळ्या गिऱ्हाइकांना टपालानं पाठवतो. 'कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास' असं, खाली दुकानाचं नाव. चारशे घरांना एकच मजकूर. संयमनं तिलाही टाकलं होतं. ज्या बाईचा मी भर दुकानात पाणउतारा केला, तिला माझं छापील कार्ड.

"कार्डाचं सोडा," मी म्हटलं. "त्यातलं काही खरं नाही. कळत-नकळत नव्हतं ते. मी कळून-सवरून बोलले. तुम्हाला लागावं म्हणूनच बोलले. मला बोलायला नको होतं. मिच्छामि दुक्कडं, साळुबाई. मला माफ करा." आणि मग मला रडूच आलं. लॉबीत, त्या पहारेकऱ्यासमोर, हमसून हमसून.

ती म्हणाली, "लई लागलं व्हतं मला. मालक गेल्यापासनं असं कुनी बोललं न्हाई. भावकीबी न्हाई बोलली." मग मलाच समजवायला लागली. "रडू नका आता. तुमी चेन्नईला हाये म्हनं ना, म्हाराजांच्या दर्शनाला? दुकानात संयम म्हनला. देवाच्या दारात उभं ऱ्हाऊन तुमी मागताय, मंग न्हाई म्हननारी मी कोन? जा, माफ केलं. आन म्हाराजांना माझाबी नमस्कार सांगा. म्हनावं, गोरखचं परमनंटचं काम होऊ द्या."

मिळाली. दोन महिने ज्याच्यासाठी झुरत होते ती क्षमा मिळाली, आणि सूर्य अजून चांगला हातभर वर होता. आता फक्त फोन ठेवायचा होता. खाली ठेवला असता तर कुणाला कळणार होतं? ना तिला, ना संघाला, ना कुणाला. पण ती मला देवाच्या दारात बघून माफ करत होती, आणि काचेपलीकडं बॅनरखाली आमचे शेठ टोपी तिरकी करून फोटोला उभे होते.

"साळुबाई, मी चेन्नईला नाही."

"आं?"

"दर्शनाला नाही आलेलो आम्ही. परदेशात एक बेट आहे समुद्रात, तिथं आलोय. मौज करायला. त्या टोमॅटोची दोन हजार पाकिटं विकली म्हणून कंपनीनं आणलंय." मग थांबताच येईना. "बियाणं खराब होतं, साळुबाई. तुम्ही पाटी घेऊन आलात तेव्हा मला माहीत होतं. तुमच्या आधी पेठचे, आळेफाट्याचे लोक येऊन गेले होते. सगळ्यांचं तसंच झालं होतं. आम्ही लपवलं."

मला वाटलं, फोनचं कार्ड संपलं. मी हॅलो हॅलो केलं.

"हाये मी," ती म्हणाली. "सगळ्यांचं तसंच झालं?"

"सगळ्यांचं."

"आन मी दोन महिनं माझ्या हातानं काय चुकलं ते हुडकतीये. पानी जास्त दिलं का, फवारा उशिरा मारला का. मालकाचं वावर मी नासवलं म्हनून तोंडात घास जात नव्हता माझ्या. गोरखला म्हनले, इक बाबा जमीन, मला न्हाई जमत."

"तुमच्या हातानं काही चुकलं नाही. काहीच नाही."

"आता सांगताय व्हय?" ती ओरडली. तीस वर्षांत तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "जुलैत सांगितलं असतं तर काय झालं असतं, मंगलाबाई? काय झालं असतं तुमचं?"

बेटावर जाणं चुकलं असतं, एवढंच.

फोनमधली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली, मिनिट उरलं असावं.

"दोन हजार म्हनला ना?" साळुबाईनं विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"हो."

"त्यातली माझी बारा."

"बारा."

"मंग ऐका. माफ केलं म्हनले ते मी माघारी घेत न्हाई. आमच्यात दिला शबूद मागं घेत न्हाईत. पन ते माझ्या बारा पाकिटांपुरतं. बाकीच्यांच्या वतीनं माफ करनारी मी कोन? त्येंचं त्येंना इचारा." आणि तिनं फोन ठेवला.

खोलीत आले तर हे आधीच आंघोळ करून, धोतर नेसून बसले होते. माझे डोळे बघून काही विचारलं नाही, तेवढी अक्कल ह्यांना आहे. खाली बागेत ढोल सुरू झाले. आम्ही खिडकी लावून घेतली, भिंतीकडं तोंड करून प्रतिक्रमणाला बसलो. बाहेर उजेड लाल होऊन गेला.

पाठात एक जागा येते, तिथं म्हणायचं असतं की मी सगळ्या जीवांची क्षमा मागते. पन्नास वर्षांची झाले, आजवर ती ओळ मी झटक्यात म्हणून पुढं जायचे. सगळे जीव म्हटलं की कसं बरं असतं, कुणाचंच तोंड दिसत नाही. त्या संध्याकाळी मात्र मी तिथं पोचले आणि अडकले. काउंटरवर मीच तर बसायचे. पाकिटं माझ्याच हातानं गेली होती. पेठचे गेणभाऊ दिसले, नातीला खांद्यावर घेऊन आले होते, वीस पाकिटं. त्यांच्यामागं चिमाजी, "चांगलं हाये ना, शेठाणी?" असं तीनदा विचारणारे. मग त्यांचा भाऊ. मग अंबाबाई, तिच्याकडं फोन नाही, टपालाचं कार्डही तिला वाचता येत नाही. एकेकाचं नाव घ्यायचं, हात जोडायचे, तर पुढचा दारात उभाच.

"म्हण की पुढं," हे हळूच म्हणाले. "थांबलीस का?"

"थांबा हो," मी म्हटलं. "अजून पेठच झालं नाही."